एका रुपयाचे संगीत

नाताळानंतरच्या रविवारी आमच्या धर्मग्रामातील कुटुंबे एकत्र भोजन करतात. धाराशिव जिल्ह्यात कॅथोलिक घरे मोजकीच. त्यामुळे एका मांडवात सगळी मावतात. गेल्या नाताळात पंगतीची तयारी चालू असता आमच्या गायकवृंदाचा की-बोर्ड वाजवणारा तरुण आपल्याच नादात एक धून वाजवीत बसला होता. तीन मात्रांची लय. डाव्या हातात एक ठोका व मागोमाग दोन हलकी पावले. उजव्या हातात तरंगत वर चढणारा आणि अलगद खाली उतरणारा सूर. सेमिनरीत असताना पाश्चात्त्य संगीताची जी तोंडओळख आम्हांस झाली, तिच्या बळावर आम्ही मनाशी ठरवून टाकले की, ही एकोणिसाव्या शतकातील युरोपातली एखादी वॉल्ट्झ असावी. जवळ जाऊन आम्ही म्हणालो, “फार गोड आहे रे. रचना कोणाची?”

त्याने हात थांबवले, जरासा हसला व म्हणाला, “फादर, रागावणार नसाल तर सांगतो. मारिओची आहे. व्हिडिओ गेममध्ये पाण्याखालची फेरी असते ना, तिथली.”

आम्ही रागावलो नाही. मात्र त्याने ‘रागावणार नसाल तर’ असे का म्हटले, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

सन १९९८ मध्ये हा तरुण आमच्या देखरेखीखालील वसतिगृहात राहणारा दहा वर्षांचा मुलगा होता. जिल्हा त्या वेळी उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. बसस्थानकाच्या आसपास पत्र्याच्या एका गाळ्यात जुने रंगीत टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचा धंदा चाले. एक रुपया दिला की काही मिनिटे खेळावयास मिळत. एका शनिवारी केस कापण्यासाठी दिलेल्या पैशांतला एक रुपया या मुलाने तेथे खर्च केला. आम्ही स्वतः जाऊन त्यास ओढून आणले आणि सायंप्रार्थनेनंतर सर्व मुलांसमोर सांगितले की, तेथे जे वाजते तो गोंगाट असून, ज्याचे कान त्यात रमतात त्याला गायकवृंदात जागा नाही. ते वर्षभर तो मुलगा गायकवृंदाबाहेर राहिला. आवाज त्याचा सर्वांत चांगला होता.

रुपयाचा अपराध हा अपराधच होता. त्याबद्दल आज वेगळे मत नाही. परंतु शिक्षा आम्ही त्या मुलाच्या कानाला दिली, आणि ज्याला गोंगाट म्हटले ते एकदाही नीट ऐकून घेतले नव्हते. न वाचता पुस्तकावर अभिप्राय देणाऱ्या टीकाकारास आपण काय म्हणतो, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. गेले काही महिने आम्ही त्याच तरुणाला सोबत घेऊन ते जुने संगीत क्रमाने ऐकले. प्रस्तुत लेख हा आमच्या त्या निकालाचा फेरविचार आहे.

*

कोणत्याही संगीताचा विचार करताना प्रथम वाद्य पाहावे. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा घरगुती खेळसंच बाजारात आणला. आपल्या गावोगावच्या गाळ्यांतून व पुढे मध्यमवर्गीय घरांतून ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी जे संच दिसत, ते त्याच घराण्यातले. या संचात ध्वनी निर्माण करणारा भाग होता, पण त्याला फक्त पाच वाटा होत्या. पहिल्या दोन वाटांतून चौकोनी लहरीचा, काहीसा धारदार, सनईची आठवण करून देणारा सूर निघे. त्याचे पोत बदलता येत व आवाज सोळा पायऱ्यांत लहानमोठा करता येई. तिसरी वाट त्रिकोणी लहरीची. सूर बासरीसारखा गोलसर, पण त्याचा आवाज कमीजास्त करण्याची सोयच नाही. एक तर तो वाजेल, नाही तर गप्प बसेल. चौथ्या वाटेतून निव्वळ खरखर येई. तिचे तुकडे पाडून ताल धरावयाचा. पाचवीतून ध्वनिमुद्रणाचा एखादा लहानसा, भरड तुकडा वाजवता येई. वाद्य म्हणून एवढेच. माणसाचा आवाज नाही, तार नाही, फुंकर नाही.

ही मांडणी समजावून घेताना आम्हांस तुळजापूरचा गोंधळ आठवला. गोंधळ्याजवळ तरी काय असते? तुणतुण्याची एकच तार, संबळाची जोडी, झांज, आणि कंठ. तुणतुणे एकाच स्वराला धरून राहते, संबळ पावलांना पुढे ढकलते, झांज ताल चमकवते; तेवढ्यावर रात्र सरते. कोणी म्हणत नाही की, व्हायोलिन नाही म्हणून हे संगीत अपुरे आहे. साधने थोडी असली म्हणजे प्रत्येक साधनाला नेमून दिलेले काम चोख करावे लागते. या खेळांच्या रचनाकारांनी नेमके हेच केले. त्रिकोणी सुराला खर्जाचे काम दिले, खरखरीला संबळाचे, एका चौकोनी सुराला मुख्य चालीचे आणि दुसऱ्याला तिच्या सोबतीचे.

यापुढची त्यांची युक्ती कौतुकास्पद आहे. हार्मोनियमवर तीन पट्ट्या एकदम दाबल्या की स्वरसंघ उमटतो. येथे तीन पट्ट्या दाबावयास तीन वाटा खर्ची पडल्या असत्या. मग चाल कोणी वाजवावी? म्हणून रचनाकार ते तीन स्वर एकाच वाटेवरून एकामागून एक इतक्या वेगाने धावडवीत की, कानाला ते एकत्रच वाजल्यासारखे भासत. या खेळांच्या संगीतात जी एक विशिष्ट थरथर ऐकू येते, ती बहुधा या धावपळीची. तसेच, मोठ्या देवळात आवाज घुमावा तसा परिणाम हवा असेल, तर दुसरा सूर पहिल्याचीच चाल किंचित उशिरा व हलक्या आवाजात म्हणे. घुमट नसताना घुमटाचा भास निर्माण करण्याची ही कारागिरी आहे. आम्हांस जो गोंगाट वाटला, त्यात एवढी व्यवस्था होती.

*

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात आला. त्याचे संगीतकार कोजी कोंडो यांचा जन्म १९६१ मधला. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस. संपूर्ण खेळ, त्यातील चित्रे, नियम आणि संगीत यांसह, चाळीस किलोबाइटांत बसवलेला होता. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा घेते. संगीताच्या वाट्याला त्यातला एक कोपरा आला. त्या कोपऱ्यात कोंडो यांनी मोजक्याच, अगदी लहान चाली मांडल्या. पण त्या चालींनी चार वेगवेगळी जगे उभी केली.

जमिनीवरच्या फेरीची चाल सर्वांना परिचित आहे. तिच्यात ठोके अपेक्षित जागी पडत नाहीत, किंचित आधी किंवा नंतर पडतात. त्यामुळे ऐकणाऱ्याचे अंग आपोआप हलते. धावणाऱ्या व उड्या मारणाऱ्या गड्याला हीच चाल शोभते. भुयारात उतरले की चालीतले मांस निघून जाते. खर्जातले मोजके स्वर, आणि मध्येच शांतता. काळोखात माणूस दोन पावले टाकून थांबतो, तसे ते थांबते. किल्ल्यात शिरले की एक बेचैन वळसा पुन्हा पुन्हा फिरू लागतो. आणि पाण्याखाली? तेथे धावता येत नाही, पोहावे लागते. म्हणून कोंडो यांनी तेथे चार मात्रांची घाई टाकून तीन मात्रांची वॉल्ट्झ योजली. ज्याने कधी विहिरीत सूर मारला असेल, त्याला पाण्यातल्या हालचालीचा तो डौल पटेल. नाताळाच्या मांडवात आम्ही जिला युरोपीय दरबारातली समजलो, ती चाल एका चोवीस वर्षांच्या जपानी तरुणाने पोहणाऱ्या नळकारागिरासाठी रचली होती. आमचा अंदाज चुकला, पण कान चुकला नाही, एवढेच समाधान.

येथे आमच्या मराठवाड्यापुरती एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. त्या तरुणाला आम्ही विचारले की, तुझ्या पिढीला यांतील कोणती चाल सर्वांत पाठ? तो म्हणाला, “पहिल्या फेरीची, फादर. पुढं जायला मिळायचंच कुठं? एक तर रुपया संपायचा, नाही तर लाइट जायची.” त्या संचांत अनेक खेळांची प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. भारनियमनात वीज गेली की सारे पुसले जाई व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. त्यामुळे आमच्या भागातील मुलांनी पहिल्या फेरीचे संगीत शेकडो वेळा ऐकले. पाण्याखालची चाल मात्र ज्याच्या वाट्याला आली, त्याने ती दुर्मीळ ठेव्यासारखी जपली. श्रोत्याच्या परिस्थितीने संगीताची किंमत ठरते ती अशी.

*

या शेकडो वेळांतच या संगीताची खरी कसोटी आहे. मैफलीतील रचना आपण एका बैठकीत एकदा ऐकतो. खेळातील चाल अर्ध्या-एक मिनिटाची असते आणि खेळणारा जोवर त्या फेरीत अडकलेला आहे तोवर ती फिरत राहते. हरणाऱ्या मुलाला तर ती दिवसभर ऐकावी लागते. अशी चाल कंटाळवाणी होऊ न देणे हे अवघड काम आहे. फार आकर्षक असेल तर ती तिसऱ्या फेऱ्याला डोक्यात जाते; फार फिकी असेल तर ऐकूच येत नाही. आपल्याकडे ही कसोटी पूर्वी जात्यावरच्या ओवीने उत्तीर्ण केली. दळणाऱ्या बाईची चाल चार चरणांत संपते व पुन्हा सुरू होते. पायली संपेपर्यंत ती कंटाळत नाही, कारण चाल तिच्या हाताच्या फेऱ्याशी बांधलेली असते. जुन्या खेळांतले चांगले संगीत खेळणाऱ्याच्या बोटांशी असेच बांधलेले आहे. हे कामाचे संगीत होय. कामापासून तोडून ऐकले तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो, आणि दाराबाहेर उभे राहून ऐकणाऱ्याला तो गोंगाट वाटणे क्रमप्राप्त आहे. आम्ही त्या दिवशी दाराबाहेर उभे होतो.

कामाशी असलेले हे इमान आरंभापासून दिसते. १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये संगीत म्हणजे उतरत्या क्रमाचे चार जड स्वर, एवढेच. परंतु शत्रू कमी होत जातात तसतसे ते स्वर जलद होतात, आणि खेळणाऱ्याच्या छातीचे ठोकेही. मारिओच्या खेळात ठरलेली वेळ संपत आली की तीच परिचित चाल एकाएकी वेगाने वाजू लागते. आई दारातून “आटप लवकर” म्हणते तसे. आणि संगीत कोठे नसावे याचेही भान या मंडळींना होते. रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’ हा १९८५ चा खेळ आपल्याकडे अतिशय लोकप्रिय होता. त्यात सुरुवातीला बिगुलासारखी छोटी सलामी वाजते आणि नंतर लढाई चालू असेपर्यंत चाल नाही. इंजिनाची घरघर आणि तोफेचा आवाज तेवढा. पवित्र आठवड्यात घंटा मुकी झाली की देऊळ अधिक बोलते, हा अनुभव आपल्या वाचकांना आहेच.

हिरोकाझू तानाका यांनी याहून धाडसी प्रयोग केला. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’ या खेळात त्यांनी संगीत आणि परिसराचे आवाज यांतील सीमारेषा मुद्दाम पुसट केली. अनोळखी ग्रहाच्या पोटातून जाताना यंत्र गात आहे की एखादा जीव श्वास घेत आहे, हे कळू नये, अशी त्यांची योजना होती. मन मोकळे करणारी चाल त्यांनी शेवटासाठी राखून ठेवली. विजय मिळेपर्यंत ती नाहीच. श्रोत्याला इतका वेळ तिष्ठत ठेवण्याचे धैर्य मोठमोठ्या संगीतकारांतही क्वचित आढळते.

*

आणखी एका अंगाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. आमच्या मुलांनी या गाळ्यांतून अजाणता जगाचे बरेच संगीत ऐकले. एका फितीत हजारो खेळ असल्याची बढाई मारणाऱ्या ज्या कॅसेटी त्या काळी मिळत, त्यांतील एकीच्या यादीच्या पडद्यावर समुद्रकिनारा व उडणारे पक्षी दिसत आणि मागे एक विरहाची चाल वाजे. ती चाल ॲलेक्स नॉर्थ यांनी १९५५ साली एका अमेरिकी चित्रपटासाठी रचलेल्या ‘अनचेन्ड मेलडी’ची. बर्फावर धावणाऱ्या पेंग्विनच्या ‘अँटार्क्टिक ॲडव्हेंचर’मध्ये वाजते ती एमिल वाल्डटॉयफेल यांची ‘स्केटर्स वॉल्ट्झ’, १८८२ ची. १९८९ मध्ये हातातल्या ‘गेम बॉय’ संचावर आलेल्या ‘टेट्रिस’मध्ये ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत आहे, आणि त्याच खेळातील दुसऱ्या एका पर्यायात योहान सेबास्टियन बाख यांच्या फ्रेंच स्वीटमधील मिन्युएट आहे. ‘गायरस’ या १९८३ च्या अंतराळ-खेळात तर बाख यांच्या नावावर असलेली डी मायनरमधील ऑर्गनची टोकाटा दणाणते. सेमिनरीत बाख यांचे नाव आदराने घेतले जाई. तेच सूर रुपयाच्या खेळातून आले तेव्हा मात्र आमच्या पिढीने त्यांना ओळख दाखवली नाही. पाहुणा दाराशी फाटक्या वस्त्रांत आला म्हणून आपण दार लावले.

पुढच्या काळात हे देणेघेणे अधिक उघड झाले. ख्रिस्तोफर टिन या अमेरिकी संगीतकाराने २००५ सालच्या ‘सिव्हिलायझेशन ४’ या खेळासाठी ‘बाबा येतू’ हे समूहगीत रचले. त्याचे शब्द म्हणजे स्वाहिली भाषेतील प्रभूची प्रार्थना. २०११ मध्ये त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. खेळासाठी रचलेल्या संगीताला मिळालेले ते पहिले ग्रॅमी होय. ज्या दारातून आम्ही एका मुलाला ओढून बाहेर काढले, त्याच दाराने ही प्रार्थना कित्येक तरुणांच्या घरात शिरली, हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो.

परंतु या संगीताचे कर्ते आमच्या मुलांना कधीच कळले नाहीत. मूळ खेळांतही अनेक जपानी कंपन्या नामावलीत खरी नावे देत नसत, टोपणनावे असत. त्यात आपल्याकडील कॅसेटी बहुतांशी बेकायदा नकला असल्याने निर्मात्यांची नावे पडद्यावरून खरवडून काढलेली. नकला विकणाऱ्यांनी पैसा केला आणि रचनाकाराला आमच्या जिल्ह्यातून ना पै मिळाली, ना साधी ओळख. हा अन्याय होता व तो तसाच म्हटला पाहिजे. ग्रेगोरियन गायनाच्या बहुसंख्य रचनांचे कर्तेही अज्ञात आहेत. पण ते अज्ञातपण काळाच्या ओघातले होते, व्यापाऱ्याच्या चाकूने केलेले नव्हे.

म्हणून काही नावे येथे नोंदवितो. ‘बॉम्बरमॅन’ व ‘ॲडव्हेंचर आयलंड’ यांचे संगीत जून चिकुमा यांचे. ‘मेगा मॅन’ या १९८७ च्या खेळाचे मानामी मात्सुमाए यांचे. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’चे बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांचे. या तिन्ही स्त्रिया आहेत. ज्या गाळ्यात मुलींना पाऊल टाकावयास मज्जाव असल्यासारखीच स्थिती होती, तेथे भिंतींवर आदळणारे संगीत अनेकदा स्त्रियांनी रचलेले होते, ही गोष्ट आमच्या कन्यांना अवश्य सांगावी.

*

प्रसिद्ध रचनांचे गुण लोकांनी हेरलेच आहेत. टीकाकाराचे काम त्यापुढे सुरू होते. आमच्या तरुण मित्राने आपल्या भ्रमणध्वनीवरून काही अशा रचना ऐकवल्या, ज्यांचे खेळ आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिले असतील असे वाटत नाही.

इंग्लंडच्या टिम फॉलिन यांचे १९९० चे ‘सॉलस्टिस’ त्यांतले एक. शीर्षकाच्या पडद्यावर आरंभी एक भाबडी, बासरीवरची वाटावी अशी छोटी चाल येते. श्रोता मनात म्हणतो, ठीक आहे, मुलांचा खेळ आहे. तोच सारे एकदम फुटते. सूर धबधब्यासारखे कोसळू लागतात आणि हे सारे त्याच चार-पाच वाटांतून येत आहे, यावर विश्वास बसत नाही. याच फॉलिन यांनी त्याच वर्षी ‘सिल्व्हर सर्फर’ या खेळाला संगीत दिले. खेळ इतका कठीण व कंटाळवाणा की, लोकांनी तो टाकून दिला. संगीत मात्र आजही आवर्जून ऐकले जाते. वाईट नाटकाला उत्तम नांदी लाभावी, तसा हा प्रकार. फॉलिन यांच्यावर आमचा एक आक्षेपही आहे. त्यांना हात आखडता घेणे जमत नाही. कोंडो यांचे भुयार जसे शांततेवर उभे आहे, तशी शांतता फॉलिन यांच्याकडे सापडत नाही. कसब दाखविण्याच्या भरात खेळणाऱ्याचा विसर पडतो.

दुसरे उदाहरण मासाशी कागेयामा यांच्या ‘गिमिक’चे. हा खेळ १९९२ मध्ये जपानात निघाला व त्यानंतर केवळ स्कँडिनेव्हियातील देशांत पोहोचला. जपानी आवृत्तीच्या कॅसेटमध्ये ध्वनीसाठी एक जादा चकती होती; तिने नेहमीच्या पाच वाटांत आणखी तीन सुरांची भर पडे. परदेशी संचात ती सोय चालत नसल्याने तेथे ते जादा सूर गळून पडले. दोन्ही आवृत्त्या आम्ही लागोपाठ ऐकल्या. पहिलीत एखाद्या सुखी घरातला दुपारचा निवांतपणा आहे; दुसरीत तेच घर आहे, पण दोन-तीन माणसे परगावी गेलेली. तरी घर ओळखू येते. मूळ चाल भक्कम असली म्हणजे सोबती कमी झाले तरी ती उभी राहते. लहान धर्मग्रामातील गायकवृंद चालवणाऱ्यांना यातून धीर मिळावा.

*

गुणगानाबरोबर दोष सांगणेही प्राप्त आहे. या खेळांतील बहुसंख्य संगीत सामान्य आहे. चार स्वरांचे तेच तेच तुकडे, कर्कश सूर, आणि घाईने उरकलेले काम यांचीच त्यात रेलचेल. गाळ्याच्या शेजारी राहणाऱ्यांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. परदेशांचे चित्रण करताना तर या मंडळींची कल्पनाशक्ती अनेकदा दुकानी वस्तूंवर थांबते. ‘स्ट्रीट फायटर २’मधील धाल्सीम या भारतीय योद्ध्याच्या दृश्यात हत्ती उभे आहेत आणि चालीत ‘पूर्वेकडची’ म्हणून ओळखता यावी अशी ठरावीक वळणे आहेत. इतर पात्रांना ठसठशीत, लक्षात राहणाऱ्या चाली देणाऱ्या शिमोमुरा यांची ही रचना त्या मानाने उणी वाटते. ज्याने एकदा तुळजापूरच्या वाटेवर संबळ ऐकले आहे, त्याला हा भारत परकाच वाटेल.

तसेच, चाल चांगली म्हणून खेळ चांगला, असेही कोणी समजू नये. ‘काँट्रा’चे संगीत अंगात वीज भरते, पण त्याचा विषय गोळीबार आहे, आणि मुलाने किती वेळ गोळीबार खेळावा याचा निर्णय आईवडिलांनीच घ्यावयाचा. आमचे म्हणणे मर्यादित आहे. खेळाला मनाई करण्याचा अधिकार वापरताना आम्ही त्यातील कलेवर न ऐकता निकाल दिला, तो चुकीचा होता. दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवे होते.

जगाने हे प्रश्न केव्हाच वेगळे केले आहेत. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी खेळांच्या संगीतावर. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत मारिओच्या चालीचा समावेश केला; त्या नोंदवहीत गेलेले व्हिडिओ गेमचे ते पहिले संगीत. पण खरे सांगावयाचे तर, या मानसन्मानांमुळे आमचे मत बदलले नाही. ते बदलले मांडवातल्या त्या तीन मात्रांनी. नाव ठाऊक नसताना जे सुंदर वाटले, ते नाव कळल्यावर असुंदर ठरवता येत नाही.

पंगत उठल्यावर आम्ही त्या तरुणाला बाजूला घेतले व म्हटले, “त्या वर्षी तुला गायकवृंदातून काढलं, ते चुकलं आमचं.” तो संकोचून म्हणाला, “जाऊ द्या हो फादर, केव्हाची गोष्ट ती.” मग थोडे थांबून म्हणाला, “त्या वर्षी मी मनातल्या मनात दोन्ही म्हणायचो. मिस्साची गाणी पण, नि ही पण.”

आमच्या वाचक-कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरातील मुलगा वा मुलगी कानाला यंत्र लावून एखाद्या खेळाची चाल गुणगुणत असेल, तर वेळेचा जाब जरूर विचारा. परंतु त्याआधी एक यंत्र आपल्या कानाला लावून ती चाल शेवटपर्यंत ऐका, आणि कोणाची रचना आहे, असे विचारा. त्याला बहुधा नाव माहीत असेल.